उधळलेला पैसा आणि घटस्फोटानंतरची वाटणी

यंत्रमागांच्या भिवंडीत अनेक संसारांची जमा म्हणजे घर, गाळा, चार-सहा माग आणि पत्नीचे दागिने. पतीने ती जुगारात वा व्यसनात उडवल्यावर घटस्फोट झाला, तर उरलेल्यातून निम्मा वाटा हक्काने मिळेल, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. भारतात सामान्यतः ज्याच्या नावावर मालमत्ता, तोच मालक. उधळणारी पत्नी असली तरी नियम तोच. अपवाद गोव्याचा. तेथे १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार नसल्यास दोघांचा निम्मा-निम्मा हक्क असतो. पतीच्या मिळकतीत पत्नीला वाटा देऊ पाहणारे विधेयक राज्यसभेने २०१३ मध्ये मंजूर केले, पण पुढे ते लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळले.

स्त्रीधनाचे तसे नाही. त्यावर केवळ पत्नीची मालकी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले. केरळमधील एका प्रकरणात पत्नीचे ८९ पवन, म्हणजे सुमारे सातशे ग्रॅम सोने, सासरच्यांनी आपली देणी फेडण्यात संपवले होते. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने पतीला २५ लाख रुपये देण्यास सांगितले. अडचणीत पती स्त्रीधन वापरू शकतो, पण ते परत करणे त्याचे कर्तव्य ठरते. मुस्लिम घटस्फोटितेला मेहेर आणि विवाहात मिळालेल्या वस्तू १९८६च्या कायद्यान्वये मागता येतात.

पोटगीच्या वेळी पती हात रिकामे असल्याचे सांगतो. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये दोघांनाही मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले. केवळ उत्पन्न नाही म्हणून धडधाकट पतीची सुटका होत नाही, असेही बजावले.

खरा प्रश्न वेळेचा आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ आर्थिक छळालाही हिंसाचार मानतो. त्याच्या कलम १८ खाली मालमत्ता विकण्यास, खाते वा लॉकर वापरण्यास न्यायदंडाधिकारी मनाई करू शकतात. त्यासाठी भिवंडीच्याच न्यायालयात अर्ज करता येतो. गाळा भावाला मोबदल्याविना दिला असेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ३९ नुसार पोटगीचा हक्क त्या भावाविरुद्धही बजावता येतो. मात्र हे कलम स्थावर मिळकतीपुरते आहे. माग भंगारात निघण्याआधीच मनाई आदेश हाती पडायला हवा.