पेव, कणगी आणि पोते

मुरुमच्या बाजार समितीत आज तूर आणि सोयाबीनचे भाव बोलले जातात. उमरगा तालुक्याचा हा पट्टा एके काळी ज्वारीचा. वर्षाची ज्वारी राखायची तर मराठवाड्यात ती थेट जमिनीच्या पोटात, पेवात जाई.

पेवाची जागा पारखून घेत. काळी माती ओल धरते, म्हणून गावठाणातली पांढरी किंवा घट्ट मुरमाड जमीन. तोंड माणूस उतरेल एवढेच, खाली पोट रुंद. तळाला नि कडेने कडबा-भुसा, मध्ये ज्वारी, तोंडावर फरशी आणि चिखलाचा लेप. कोंडलेल्या हवेतला प्राणवायू दाणे आणि किडेच संपवत, मग किडे मरत. मुरमात बीळ पाडणे घुशीलाही जड जाई. पेवातली ही कोंडलेली हवा माणसालाही मारी. म्हणून पेव उघडून वारा लागू देत, आत दिवा सोडत. दिवा विझला की कोणी उतरत नसे.

हे कूळ फार जुने. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले, तेव्हा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची, चुन्याने लिंपलेली पेवे निघाली. कणग्या ठेवायचे गोल ओटेही निघाले. तुराट्यांनी विणून शेणामातीने सारवलेली कणगी ही पेवाची धाकटी बहीण, पण कच्ची. लिंपण कुरतडले की उंदीर आत.

खरा घात केला पोत्याने. हुगळीकाठी रिश्रा येथे 1855 साली भारतातली तागाची पहिली गिरणी निघाली आणि पुढे तागाचे पोते देशभर पसरले. ते तोलायला, गाडीत चढवायला सोयीचे; म्हणजे व्यापाऱ्याच्या कामाचे. घरात त्याची थप्पी लागली आणि उंदराला दोन पोत्यांमधली फट आयती मिळाली, घरट्याला तागाचे धागेही. उंदीर खातो त्याहून जास्त नासवतो: लेंड्या, केस, मूत. ‘लेप्टो’ या तापाचे जंतू या मुतातूनही पसरतात. 1960च्या दशकात पानसे समितीने मळणीपासून साठवणीपर्यंत धान्याची नासाडी 9.33 टक्के धरली. त्यात उंदरांचा वाटा 2.5 टक्के, किड्यांच्या जवळपास बरोबरीचा.

30 सप्टेंबर 1993च्या किल्लारी भूकंपाने उमरगा तालुकाही हादरला. भीतीने माणसे घराबाहेर राहू लागली, धान्य आत राहिले. पुढल्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग आढळला, तेव्हा अशा ओस घरांत वाढलेल्या उंदरांकडेच अनेक तज्ज्ञांनी बोट दाखवले.

सरकारच्या धान्य बचाव मोहिमेने पत्र्याची कोठी घरोघरी नेली. पत्रा कुरतडला जात नाही, एवढ्यावर ती पोत्याला भारी. कोठीबाहेरच्या उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडचे विष आहे, पण उंदीर नव्या खाण्याला बुजतो. म्हणून आधी दोन-तीन दिवस बिनविषारी भरडा ठेवून त्याला चटक लावतात. कोठीत ज्वारी भरण्याआधी मात्र दाणा दाताखाली कट्‌कन फुटेपर्यंत उन्हात वाळवावीच लागते. नाहीतर उंदीर बाहेर राहतो आणि बुरशी आत धरते.