भेदभाव मोजायचा कसा? कार्यकर्त्यांसाठी सामाजिक संशोधनाच्या पद्धती

"आमच्या गावात तसलं काही नाही, सगळे गुण्यागोविंदाने राहतात." एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी एका गावात प्रश्नावली घेऊन गेले होते. पहिल्या दिवशी बावीस प्रश्नावल्या भरल्या आणि बावीसही जणांनी हेच उत्तर दिले. त्यांत बौद्धवाड्यातली माणसेही होती. चूक माझीच होती. गाव दाखवायला म्हणून उपसरपंच सोबत आले होते आणि त्यांच्यासमोरच मी विचारत होते, "इथे जातिभेद पाळला जातो का?" तिसऱ्या दिवशी एकटीच सकाळी हातपंपाजवळ जाऊन बसले. कोण किती वाजता येते, कोण कोणासाठी थांबते, एवढेच वहीत टिपले. बौद्धवाड्यातल्या बाया गर्दी पूर्ण ओसरल्यावरच येत होत्या. मधे एक जण आली, लांब उभी राहिली आणि पंप मोकळा होईपर्यंत हलली नाही. कोणी कोणाला काही बोलले नाही.

बावीस प्रश्नावल्या खोट्या नव्हत्या. जसे विचारले तसे उत्तर मिळाले. संशोधन पद्धती हा विषय परीक्षेपुरता पाठ करून सोडून देण्याचा नाही, हे मला त्या पंपापाशी कळले. आज आपली अनेक तरुण मंडळे मोबाइलवर फॉर्म तयार करून वस्तीचे सर्वेक्षण करतात, त्यावर निवेदने देतात. समोरच्या अधिकाऱ्याने "ही माहिती कशी गोळा केली?" एवढेच विचारले, तरी निवेदन कोसळते. म्हणून हा लेख.

आधी व्याख्या

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. त्या निबंधातील निष्कर्ष आपण सगळे सांगतो. त्याची रीत मात्र फारसे कोणी पाहत नाही. बाबासाहेब आधी सेनार्ट, नेसफील्ड, रिझली आणि केतकर यांच्या जातीच्या व्याख्या घेतात. प्रत्येकीत काय कमी आहे, जातीचे लक्षण म्हणून सांगितलेली गोष्ट खरे तर तिचा परिणाम कशी आहे, हे तपासतात. त्यानंतरच जातीअंतर्गत विवाह हे जातीचे मूळ लक्षण म्हणून पुढे ठेवतात. आपण नेमके कशाबद्दल बोलतो आहोत हे ठरल्याशिवाय ते पुढे सरकत नाहीत.

"भेदभाव" हा शब्दही असाच मोठा आणि मोघम आहे. तो थेट मोजता येत नाही. त्याचे डोळ्यांना दिसतील, हो किंवा नाही सांगता येईल असे तुकडे करावे लागतात. चहाच्या टपरीवर कप वेगळा आहे का? न्हावी केस कापतो का? लग्नाची वरात मुख्य रस्त्याने जाते का? शाळेत पोषण आहाराला मुले एका रांगेत बसतात का? गुजरातमध्ये नवसर्जन ट्रस्टने १,५८९ गावांचा अभ्यास केला, त्याचा अहवाल २०१० मध्ये आला. त्यात सवर्णांकडून दलितांबाबत पाळल्या जाणाऱ्या ९८ प्रथांची यादी होती आणि प्रत्येक गावात ती तपासली गेली. दलितांतील पोटजाती एकमेकांशी कशा वागतात, हेही त्यांनी विचारले. आपल्या सर्वेक्षणात हा प्रश्न सहसा नसतो आणि तो का नसतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

त्याआधी घनश्याम शहा, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांचा ग्रामीण अस्पृश्यतेवरील ग्रंथ २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा आधार ११ राज्यांतील ५६५ गावांचे सर्वेक्षण हा होता. जवळपास निम्म्या गावांत पाण्याच्या ठिकाणी दलितांना अटकाव होता. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. या अभ्यासात मोजण्याचे एकक गाव आहे, माणूस नाही. "निम्म्या गावांत ही प्रथा आहे" याचा अर्थ "निम्मे लोक ती पाळतात" असा होत नाही. भाषणात आपण दोन्ही बिनदिक्कत एक करून टाकतो.

न मानणाऱ्याकडून उत्तर कसे घ्यायचे

अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. मग पाळणारा ते कबूल कसे करेल? दिल्लीची एनसीएईआर ही संस्था आणि अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठ यांनी २०११-१२ मध्ये देशभरातील सुमारे ४२ हजार कुटुंबांचे सर्वेक्षण केले. त्यात हा प्रश्न दोन पायऱ्यांत विचारला होता. आधी सरळ विचारले, घरात कोणी अस्पृश्यता पाळते का? जे "नाही" म्हणाले त्यांना पुढे विचारले, अनुसूचित जातीची व्यक्ती तुमच्या स्वयंपाकघरात आली किंवा तुमची भांडी वापरली तर चालेल का? पहिल्या प्रश्नाला नाही म्हणणारे काही जण दुसऱ्या प्रश्नाशी अडखळले. दोन्ही मिळून सुमारे २७ टक्के कुटुंबांत अस्पृश्यता पाळली जात असल्याचे दिसले. एकच प्रश्न विचारला असता तर हा आकडा नक्कीच कमी आला असता. आणि हे फक्त बोलून दाखवणाऱ्यांचे प्रमाण आहे, त्यामुळे खरा आकडा याहून मोठा असावा, असे माझे मत आहे.

काही ठिकाणी प्रश्न विचारून काहीच हाती लागत नाही. खासगी कंपनी "आम्ही जात पाहत नाही" असेच सांगणार. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी तिथे प्रयोगाची पद्धत वापरली. इंग्रजी वर्तमानपत्रांतील ५४८ नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी एकूण ४,८०८ अर्ज पाठवले. अर्जदारांचे शिक्षण आणि पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा होता. काही नावे उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार उच्चवर्णीय नावाशी तुलना करता दलित नावाला पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, तर मुस्लिम नावाला एक तृतीयांश होती. जात कुठेही लिहिलेली नव्हती. आडनावाने काम भागले.

पण हा आकडा "का?" याचे उत्तर देत नाही. त्यासाठी त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी २५ कंपन्यांच्या मनुष्यबळ व्यवस्थापकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. सगळ्यांनी गुणवत्तेचाच जप केला. आणि बोलता बोलता उमेदवाराची "कौटुंबिक पार्श्वभूमी" आपण किती महत्त्वाची मानतो, हेही तेच सांगत गेले. संख्यात्मक पद्धत श्रेष्ठ की गुणात्मक, हा वाद वर्गात ठीक आहे. प्रत्यक्षात एकीने दार कुठे बंद होते ते दाखवले आणि दुसरीने बंद करणाऱ्याच्या तोंडची भाषा ऐकवली.

विचारणारा कोण आहे?

जेराल्ड बेरेमन हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ १९५७-५८ मध्ये गढवालच्या डोंगरातील एका गावात राहिले. त्यांचा पहिला दुभाषी ब्राह्मण होता. तो आजारी पडल्यावर एक मुस्लिम शिक्षक दुभाषी म्हणून आला आणि गाव जणू बदलले. ब्राह्मण दुभाष्यासमोर तोंड न उघडणारी खालच्या मानलेल्या जातींची माणसे मोकळी बोलू लागली. त्याच्यासमोर सोवळेपण दाखवणारे उच्च जातींचे लोकही आपल्या मांसाहाराबद्दल, दारूबद्दल सैल झाले. बेरेमन यांनी हे लपवले नाही, १९६२ मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली.

आपण आपल्याच वस्तीत विचारायला जातो तेव्हा हा प्रश्न सुटला असे वाटते. तो सुटत नाही. निळा गमछा घालून गेलेल्या कार्यकर्त्याला घरातली माणसे त्याला आवडेल ते सांगतात. घरात देव आहेत का, असे विचारल्यावर एका आजीने माझ्यासमोर देव्हाऱ्याचा पडदा ओढून घेतला होता. नवऱ्याच्या दारूबद्दल बाई तरुण पोरांना सांगणार नाही. कोणी विचारायचे हे प्रश्नाइतकेच विचारपूर्वक ठरवावे.

कोणाला विचारायचे, हेही. रविवारी विहारात येणाऱ्यांकडून फॉर्म भरून घेतले तर ते विहारात येणाऱ्यांचे सर्वेक्षण झाले, वस्तीचे नव्हे. बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात जानेवारीत घरोघरी फिरलात तर ऊसतोडीला गेलेल्यांच्या दारांना कुलूप असेल, म्हणजे सर्वांत गरीब घरेच यादीतून गळतील. आधी सगळ्या घरांना क्रमांक द्या, त्यातून दर पाचवे किंवा दहावे घर घ्या. कुलूप असेल तर परत जा, शेजारचे घर भरून टाकू नका.

फॉर्ममध्ये धर्म आणि जात यांचे रकाने वेगळे ठेवा. अनुसूचित जातींच्या आदेशात १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला, तरी आजही अनेक प्रश्नावल्यांत बौद्ध "इतर" या रकान्यात जातो. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते, त्यांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात. एवढ्या लोकांना "इतर" म्हणणारा फॉर्म निदान आपल्या हातून तरी निघू नये.

सरकारी आकडे वापरतानाही तेच भान हवे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल अत्याचार मोजत नाही, नोंदलेले गुन्हे मोजतो. एखाद्या जिल्ह्यात आकडा कमी असेल तर तिथे शांतता असेल किंवा पोलीस ठाण्याची पायरी चढायची कोणाची हिंमत नसेल. ते कळण्यासाठी गावातच जावे लागते.

मुंबई प्रांत सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. आपले हक्क वापरायला अस्पृश्य का धजत नाहीत, याचे कारण १९३० च्या त्या अहवालात स्वच्छ सांगितले आहे: बहुसंख्यांच्या हिंसेची भीती आणि पोटासाठी त्यांच्यावरच अवलंबून असणे. जी भीती विहिरीवर जाऊ देत नाही, तीच आपल्या प्रश्नावलीपुढेही गप्प बसवते. म्हणून मुलाखत घरात, एकट्याशी घ्यावी. माहिती कशासाठी हवी ते आधी सांगावे आणि कोणी नको म्हटले तर निमूटपणे उठावे. फॉर्मवर नावाऐवजी क्रमांक घाला, नावांची यादी वेगळ्या वहीत एकाच जबाबदार व्यक्तीकडे ठेवा. भरलेल्या फॉर्मचे फोटो मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कधीही टाकू नका. लहान गावात "चार एकर जमीन, दोन मुली, नवरा वारलेला" एवढे लिहिले तरी माणूस ओळखू येतो.

माझ्या प्रबंधात त्या गावाचे नाव मी लिहिले नाही. मार्गदर्शकांनी ते लिहावे असा आग्रह धरला होता. पंपाजवळ लांब उभ्या राहिलेल्या त्या बाईचे घर उपसरपंचांच्या शेतावरच्या मजुरीवर चालत होते, हे मला पाचव्या दिवशी कळले होते.