परळचा बाह्यरुग्ण विभाग आणि मनाच्या जखमा

मुंबईतील मानसोपचाराचा इतिहास इमारतींच्या अंगाने मांडायचा झाला, तर तो कुलाब्याच्या वेड्यांच्या इस्पितळापासून निघून १९०१ मध्ये सुरू झालेल्या ठाण्याच्या नरोत्तमदास माधवदास मनोरुग्णालयापर्यंत सरळ जातो. परंतु मानसिक आघातावरील उपचारांचा इतिहास या वाटेवर सापडत नाही. १९१२ च्या कायद्याखाली मनोरुग्णालयात जाणारा माणूस बहुधा दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाने जात असे, आणि ज्याचे वागणे घरादाराला व शेजाऱ्यांना असह्य झाले आहे, अशालाच तिथे पाठवले जाई. अपघातात सोबती गमावल्यानंतर ज्याला झोप लागत नाही, किंवा दंगलीत घर जळाल्यानंतर जी बाई दाराच्या आवाजाने दचकते, अशांसाठी ती व्यवस्था नव्हतीच. कामावर जाणारी, चारचौघांत नीट बोलणारी आणि आतून मोडलेली ही माणसे वैद्यकाच्या नजरेस पडली ती सर्वसाधारण रुग्णालयांत, तापाच्या आणि खोकल्याच्या रुग्णांच्या रांगेत. म्हणून हा इतिहास मुख्यतः भायखळा, नागपाडा, परळ आणि गिरगाव या परिसराचा आहे.

आघात या संज्ञेने मानसशास्त्रात केवळ दुःखद घटना अभिप्रेत नसते. जीव जाण्याची, गंभीर इजेची किंवा लैंगिक हिंसेची घटना स्वतः भोगल्यावर अथवा डोळ्यांदेखत पाहिल्यावर तिची स्मृती इतर आठवणींप्रमाणे मागे सरत नाही. ती दृश्य, वास, आवाज या रूपांनी वर्तमानात घुसत राहते, माणूस तिची आठवण करून देणाऱ्या जागा टाळू लागतो आणि त्याचे शरीर कायम सावध राहते. पहिल्या महायुद्धातील सैनिकांमध्ये ही लक्षणे ‘शेल शॉक’ या नावाने नोंदली गेली, तर अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ‘आघातोत्तर ताणविकृती’ हे स्वतंत्र निदान १९८० मध्येच आले. त्याआधीच्या मुंबईत या निदानाचे रुग्ण शोधणे व्यर्थ असले, तरी मज्जाविकृती, हृदयाची धडधड, निद्रानाश अशा नोंदींखाली त्यांतील कितीएक दडलेले असणार, असे मानायला जागा आहे.

१९३० च्या दशकात या शहरात काही गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यकर्त्याने नागपाड्याच्या कामगार वस्तीत चालवलेल्या कामातून १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय उभे राहिले (तीच पुढची टाटा सामाजिक विज्ञान संस्था), आणि त्याच्या जोडीने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले. १९३८ मध्ये डॉ. के. आर. मसानी यांनी सर ज. जी. रुग्णालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९३३ मध्ये केलेल्या प्रयोगानंतरचा हा देशातील आरंभीचा प्रयत्न होता. १९३८ मध्येच इटलीतील वंशभेदी कायद्यांमुळे देश सोडावा लागलेले मनोविश्लेषक एमिलिओ सर्वादिओ मुंबईत आले. स्वतः परागंदा झालेल्या या माणसाभोवती मनोविश्लेषणात रस असणाऱ्यांचे एक मंडळ जमले खरे, परंतु आठवड्यातून अनेकदा येऊन वर्षानुवर्षे बोलत राहण्याची ती पद्धत मूठभर इंग्रजी शिकलेल्यांपलीकडे जाणे शक्यच नव्हते. मुंबईत रुजली ती दुसरी पद्धत, म्हणजे डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक यांनी मिळून रुग्णाकडे पाहण्याची. १९४६ मध्ये ज. जी. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, तेव्हा रुग्णाची खोली, पगार, कर्ज आणि नातेवाईक यांची चौकशी हाही उपचाराचा भाग असतो, हे रुग्णालयाने मान्य केले.

परळचे राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘केईएम’, १९२६ मध्ये उघडले. सेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देताना तिथे भारतीय डॉक्टरच नेमले जावेत अशी अट घातली होती, आणि राष्ट्रीय अभिमानातून घातलेल्या या अटीचा एक लाभ बहुधा कोणी आधी मोजला नसावा. मनाचा उपचार भाषेवर चालतो, आणि गिरणीच्या दारातून उठून आलेल्या रुग्णाचे बोलणे दुभाष्याशिवाय समजणारा डॉक्टर इथे समोर बसलेला होता. रत्नागिरी, सातारा आणि कोल्हापूरहून आलेला कामगार ‘मन दुखते’ अशी तक्रार घेऊन येत नसे. छातीत धडधडते, डोके जड होते, हातापायांना मुंग्या येतात, जीव घाबराघुबरा होतो, असे तो सांगे. आणि केसपेपर काढण्यापूर्वी अनेकदा दृष्ट काढून, उतारा टाकून, गावच्या देवाला कौल लावून झालेले असे. त्याची तक्रार शरीराची असल्यामुळे उपचारही शरीरापासून सुरू करावा, हा विचार इथे स्वाभाविकपणे सुचण्यासारखा होता.

तो विचार प्रयोगाच्या पातळीवर नेला केईएमच्या मनोविकार विभागाचे प्रमुख डॉ. एन. एस. वाहिया यांनी. गिरगाव चौपाटीपासून जवळ, मरीन ड्राइव्हवर कैवल्यधामाचे आरोग्यकेंद्र होते. स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास १९२४ मध्ये स्थापलेल्या संस्थेची ती मुंबईतील शाखा. कुवलयानंदांचा आग्रह असा की, योगातील क्रियांचा शरीरावर होणारा परिणाम श्रद्धेवर न सोडता प्रयोगशाळेत मोजावा. त्यांच्यासह योगोपचारावर ग्रंथ लिहिणारे डॉ. एस. एल. विनेकर, केईएममधील वाहिया आणि डी. आर. डुंगाजी या तिघांनी मिळून मनोविकारांच्या उपचारातील प्राचीन भारतीय कल्पनांवर लिहिलेला लेख १९६६ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गिरगाव आणि परळ यांच्यातील या सहकार्याची दखल मराठीत जेवढी घेतली जायला हवी होती तेवढी घेतली गेलेली नाही.

पतंजलीच्या अष्टांगांपैकी आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा आणि ध्यान ही पाच अंगे त्यांनी उपचारासाठी निवडली. रुग्णाने कित्येक आठवडे रोज सुमारे तासभर विभागात यायचे. प्रथम आसनांनी स्नायूंचा ताण सैल करायचा, मग श्वासावर ताबा मिळवायचा, नंतर इंद्रियांना बाहेरच्या चेतवणीपासून मागे घ्यायचे (प्रत्याहार), लक्ष एका निवडलेल्या वस्तूवर आणायचे (धारणा) आणि शेवटी ते तिथे टिकवायचे, असा क्रम होता. मनात येणारे विचार रुग्ण लिहून ठेवत असे. या प्रयोगाचे खरे वैशिष्ट्य मात्र तुलनेत आहे. दुसऱ्या गटालाही तेवढाच वेळ, तशीच जागा आणि आसनांसारख्या दिसणाऱ्या हालचाली दिल्या गेल्या, फक्त मनाला वळवण्याच्या पायऱ्या वगळल्या गेल्या. म्हणजे गुण येतो तो डॉक्टरांच्या सहवासाने की पद्धतीने, हे वेगळे काढण्याचा प्रयत्न झाला. पूर्ण पद्धत घेणाऱ्या गटाची चिंता अधिक उतरल्याचे निष्कर्ष मांडले गेले. आजच्या कसोटीने रुग्णसंख्या लहान होती, आणि पाळीत काम करणाऱ्या माणसाने रोज तास काढून यायचे ही अपेक्षाही जड होती. शिवाय हे रुग्ण मज्जाविकृतीचे आणि मनोकायिक विकारांचे होते. आघाताचे रुग्ण म्हणून ते निवडलेले नव्हते. तरीही आघातग्रस्ताच्या शरीराची सततची सावधगिरी आधी उतरवावी लागते, त्याशिवाय बोलण्याचा उपयोग होत नाही, हे सूत्र पाश्चात्त्य आघातोपचारात नंतर आले आणि बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या गटाने दीर्घकालीन आघातविकृती असलेल्या स्त्रियांवर योगाची चाचणी प्रसिद्ध केली ती २०१४ मध्ये, हे ध्यानात घेतले की वाहियांच्या कामाचे मोल कळते.

या वैद्यकीय प्रगतीचा गिरणगावाच्या सर्वांत मोठ्या आघाताशी मात्र संबंध आला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी पुकारलेला संप कधीच रीतसर मिटला नाही, आणि लालबाग-परळमधील असंख्य घरांत कर्त्या पुरुषाचे काम, पत आणि दिवसाचा आकार एकदमच गेला. निदानाच्या काटेकोर व्याख्येत बेरोजगारी बसत नाही. त्यामुळे या घरांतील दारू, अबोला आणि मारझोड व्यसनमुक्तीच्या किंवा पोलिसांच्या खात्यात जमा झाली. घरात सोसणाऱ्या बायकांसाठी टाटा संस्था आणि मुंबई पोलीस यांनी १९८४ मध्ये पोलीस आयुक्तालयातच महिला व बालकांसाठी विशेष कक्ष उघडला. प्रशिक्षित समाजसेविका पोलिसांच्या छपराखाली बसवण्यामागे धोरण होते, कारण मार सुरू असताना मनावरचा उपचार निरर्थक ठरतो. आघातोपचाराची पहिली पायरी सुरक्षितता ही होय, असे ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात मांडले. स्मरण व शोक ही दुसरी, आणि माणसांत परतणे ही तिसरी.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबईत दंगली उसळल्या, ज्यांत त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार सुमारे ९०० माणसे मृत्युमुखी पडली. १२ मार्च १९९३ रोजी झालेल्या बॉम्बस्फोटांत २५७ जणांचा बळी गेला, आणि दादरचे प्लाझा चित्रपटगृह, सेनाभवनाजवळचा पेट्रोलपंप, वरळीचे सेंच्युरी बाजार ही रोजच्या येण्याजाण्याची ठिकाणे स्मृतीत कायमची बदलली. स्फोट शुक्रवारी झाले आणि शेअर बाजार सोमवारी उघडला. ‘मुंबई स्पिरिट’ या कौतुकाची जडणघडण अशाच प्रसंगांतून झाली. दुसऱ्या दिवशी कामावर जाणे हे रोजंदारीच्या शहरात शौर्यापेक्षा गरज असते, आणि कामावर गेलेला माणूस बरा झालेला असतोच असे नाही. या कौतुकाने केलेले नुकसान असे की, ज्याला जाता आले नाही त्याला आपणच कमी पडलो असे वाटू लागले.

आयोगापुढे अनेकांनी आपबिती सांगितली. सांगण्याने मन हलके होते ही समजूत इथे तपासून घेण्यासारखी आहे. चिलीमध्ये लष्करी राजवटीच्या छळातून वाचलेल्यांची साक्ष नोंदवून घेण्याचे तंत्र उपचार म्हणून १९८३ मध्ये मांडले गेले. त्यात सांगणारा आपल्या गतीने बोलतो, ऐकणारा त्याच्या बाजूचा असतो आणि तयार झालेला मजकूर त्याच्या हाती दिला जातो. आयोगापुढच्या साक्षीत उलटतपासणी असते. तिने सत्य नोंदले जाते, दोष ठरतो, आणि त्याचेही मानसिक मोल मोठे आहे. परंतु तिला उपचार म्हणता येत नाही. घटनेनंतर लगेच पीडितांना एकत्र बसवून सर्व काही बोलायला लावण्याची पद्धतही एकेकाळी जगभर लोकप्रिय होती. तिने पुढचा विकार टळत नाही असे पुराव्यांवरून दिसल्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत ती वापरू नये असे सांगितले.

११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेवरील सात स्फोट प्रथमवर्गाच्या डब्यांत झाले आणि गाड्या दुसऱ्या सकाळी पुन्हा धावू लागल्या. अशा प्रसंगातून वाचलेल्याला लोकलमध्ये चढणे अशक्य झाले, तर क्रमिक सामोरेपणाची पद्धत वापरली जाते. भीतीच्या जागांची चढती यादी रुग्ण स्वतःच करतो: स्थानकाबाहेर उभे राहणे, फलाटावर दहा मिनिटे थांबणे, दुपारच्या रिकाम्या गाडीत एक स्थानक जाणे, मग सोबतीने, मग एकट्याने, आणि अगदी शेवटी संध्याकाळच्या गर्दीत त्याच डब्यात. प्रत्येक पायरीवर भीती आपोआप ओसरेपर्यंत तिथेच थांबायचे असते, कारण मध्येच पळ काढला तर भीती पक्की होते. याच्या जोडीला घटनेची सविस्तर कथा थेरपिस्टसमोर वर्तमानकाळात पुन्हा पुन्हा सांगायची असते. हेतू आठवण पुसण्याचा नसतो. ती मागे घडून गेलेल्या गोष्टींत जाऊन बसावी, एवढाच असतो. डोळ्यांच्या हालचालींच्या साह्याने स्मृतीवर काम करणारी ईएमडीआर ही फ्रान्सिन शापिरो यांची पद्धतही याच हेतूने चालते. या पद्धतींना साधारणपणे आठवड्यास एक बैठक, असे दोनतीन महिने लागतात.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले, आणि जखमींना जवळच्या केईएममध्येच नेण्यात आले. लष्कराने नवा पूल पाच महिन्यांत बांधून दिला. भरपाईची प्रतवारी मृत्यू आणि शारीरिक इजा यांवरूनच ठरली, कारण मनाची इजा मोजण्याचे कोष्टक रेल्वेपाशी नाही. त्याच वर्षी संमत झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मनाचा आणि शरीराचा आजार सारखाच धरण्यास सांगितले आहे. पण त्या पुलावरून जाणाऱ्यांत विमा नसलेले पुष्कळ असतात, आणि त्यांच्यासाठी मार्ग उरतो तो केईएमच्या सकाळच्या रांगेचाच. तिथे एका डॉक्टरच्या वाट्याला येणारे रुग्ण आणि एका आघातग्रस्ताला लागणारे दहाबारा तास यांचा मेळ कसा घालायचा, ही अडचण वाहियांच्या काळात होती तशीच आजही आहे. फरक एवढाच की पूर्वी रुग्णाला पाळीतून वेळ मिळत नसे, आता डॉक्टरालाही मिळत नाही.