बार्लोसाहेबांचा अंदाज आणि २१४ कोटींची संख्या

आज एकाच संख्येचा इतिहास. लिहून घ्या : २,१४,७४,८३,६४७. एकतीस वेळा दोन घेऊन त्यांचा गुणाकार करायचा आणि त्यातून एक वजा करायचा, की ही येते. ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानंच हिला पूर्ण भाग जात नाही.

पण हे कळलं कसं? फ्रान्समधल्या मेर्सेन या धर्मगुरूनं १६४४ मध्ये अशा संख्यांची एक यादी छापली, त्यात ही होती. यादीला पुरावा मात्र नव्हता, आणि पुढे त्यातल्या दोन नोंदी चुकीच्या निघाल्या.

पुरावा दिला ऑयलरनं. साल १७७२, गाव सेंट पीटर्सबर्ग, वय पासष्टच्या घरात आणि डोळ्यांनी दिसणं जवळपास बंद. सरळ रस्ता धरला तर ४६,३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देऊन बघावा लागतो. (पुढे जायची गरज नाही, कारण ४६,३४१ चा वर्गच आपल्या संख्येपेक्षा मोठा होतो.) तरीही ते झाले जवळपास ४,८०० भागाकार! ऑयलरनं आधी वेगळाच प्रश्न विचारला : हिला भाग जाणारी मूळ संख्या असलीच, तर ती दिसेल कशी? उत्तर निघालं की तिला २४८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरायला हवी. अशा संख्या तेवढ्या टप्प्यात चारशेसुद्धा नाहीत, आणि त्यातल्या मूळ तर फारच थोड्या. एकीनंही भाग गेला नाही. मला विचाराल तर खरी कमाल भागाकारांची नाही, या गाळणीची आहे.

पुढची कितीतरी वर्षं जगाला याहून मोठी मूळ संख्या माहीत नव्हती. १८११ मध्ये इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो यांनी तर लिहून टाकलं की हिच्यावरून मिळणाऱ्या परिपूर्ण संख्येच्या पुढे बहुधा कुणी जाणारच नाही. या संख्या नुसत्या गमतीच्या, उपयोग काहीच नाही, मग कष्ट कोण घेणार?

आता उपयोग बघा. ३२ बिटांत धन-ऋण पूर्णांक ठेवताना मावणारी सगळ्यात मोठी संख्या हीच. पण तो झाला जागेचा हिशोब, तिच्या मूळ असण्याशी त्याचा संबंध नाही.

मूळ असण्याचा उपयोग झाला १९६९ मध्ये, आयबीएमच्या संगणकांवर यादृच्छिक वाटणारे आकडे काढताना. कृती सोपी आहे : एक आकडा घ्या, १६,८०७ नं गुणा, आपल्या संख्येनं भागा, बाकी ठेवा, पुन्हा तेच. १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा एकदा येऊन गेल्याशिवाय एकही परत येत नाही. भाजक मूळ नसता तर हे जमलंच नसतं.

ही कृती आजही सी प्लस प्लसमध्ये तयार मिळते. कोडिंग शिकत असाल तर स्वतः लिहून बघा. १ पासून सुरू केलंत तर आधी १६,८०७ येईल, मग २८,२४,७५,२४९. दहा हजारावा आकडा १,०४,३६,१८,०६५ यायला हवा. नाही आला, तर कोडमध्ये कुठेतरी घोळ आहे.