मेघदूताचे मराठी अनुवाद

महाकवी कालिदासाच्या मेघदूत या संस्कृत खंडकाव्याचे मराठीत अनेक अनुवाद झाले आहेत. कर्तव्यात चुकल्याबद्दल कुबेराने वर्षभरासाठी हद्दपार केलेला यक्ष रामगिरीवर राहतो आणि आषाढातील मेघाकरवी अलकानगरीतील पत्नीस निरोप धाडतो, असा या काव्याचा विषय आहे. त्याचे पूर्वमेघ व उत्तरमेघ असे दोन भाग आहेत.

काव्यामागील प्रेरणा

रामाने हनुमंताकरवी सीतेला पाठवलेला संदेश मनात ठेवून कालिदासाने हे काव्य रचले, असे परंपरागत मत टीकाकार मल्लिनाथाने नोंदवले आहे. काव्यातही यक्षपत्नीची तुलना हनुमंताकडे पाहणाऱ्या सीतेशी केलेली आढळते. मल्लिनाथाने रामगिरी म्हणजे चित्रकूट मानले. वा. वि. मिराशी यांनी मात्र नागपूरजवळचे रामटेक हेच ते स्थळ असल्याचे प्रतिपादन केले आणि कवीचा संबंध विदर्भातील वाकाटक राजदरबाराशी जोडला. एका मतानुसार प्रेरणा रामायणाची ठरते; दुसऱ्यामुळे तिला प्रत्यक्ष पाहिलेल्या भूमीचीही जोड मिळते.

प्रमुख अनुवाद

कृष्णशास्त्री चिपळूणकर यांचा अनुवाद १८६५ मध्ये प्रसिद्ध झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांनी मेघदूताचा समश्लोकी अनुवाद केला. त्यांचा जन्म १८९६ मध्ये आजच्या रायगड जिल्ह्यातील नाते येथे झाला. त्यांचे घराणे रोह्याचे होते. त्यांनी संस्कृतातही काव्यरचना केली. कुसुमाग्रज (१९५६), बा. भ. बोरकर आणि शांता शेळके (१९९४) यांचेही अनुवाद प्रसिद्ध आहेत.

वृत्ताचा प्रश्न

मूळ काव्य मंदाक्रांता वृत्तात आहे. त्याच्या प्रत्येक चरणात १७ अक्षरे असून ४, ६ व ७ अक्षरांनंतर यती येते. संस्कृतातील दीर्घ समासांचा आशय मराठीत उलगडून सांगण्यास अधिक शब्द लागतात. त्यामुळे तेवढ्याच अक्षरांत तो बसवणे कठीण जाते. देशमुखांनी मूळ वृत्त राखले, तर शेळके यांनी मात्रावृत्त निवडले. पहिल्या पद्धतीत मूळ काव्याची संथ लय टिकते, दुसरीत मराठी वाक्याची सहजता. मूळ प्रेरणेतील नेमके काय वाचकापर्यंत पोहोचवायचे, याचा निर्णय अनुवादकाच्या वृत्तनिवडीत दिसून येतो.

स्मरण

आषाढाच्या पहिल्या दिवशी महाराष्ट्रात कालिदास दिन साजरा होतो. रामटेक येथे कालिदास स्मारक असून, १९९७ मध्ये तेथे कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालयाची स्थापना झाली.