साडेचार पौंडांचा ट्रिगर

२ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या माळावर राणी व्हिक्टोरियाने दोरी ओढली आणि ४०० यार्डांवरच्या लक्ष्याचा मध्य टिपला गेला. व्हिटवर्थ रायफल आधीच नेम साधून यांत्रिक आधारावर जखडलेली होती. ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनची ती पहिली स्पर्धा. राणीच्या बक्षिसासाठी पहिल्या फेरीत लष्करी एनफिल्ड, तर अंतिम फेरीत सगळ्यांना व्हिटवर्थच. बंदूक सारखी असली की उरतो तो माणसाचा नेम, असा हा हिशेब होता.

पण हौशी नेमबाज स्वतःची रायफल घेऊन यायला लागले तेव्हा मर्यादा घालणं भाग पडलं. न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूरला सप्टेंबर १८७४ मध्ये आयर्लंड आणि अमेरिका भिडले, तेव्हा रायफल १० पौंडांपेक्षा जड नको आणि ट्रिगर ३ पौंडांपेक्षा हलका नको, असं ठरलेलं होतं. बार कसा भरायचा यावर मात्र बंधन नव्हतं. आयरिश नेमबाजांकडे तोंडाने भरायच्या रिग्बी होत्या, अमेरिकनांकडे मागून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स. ८००, ९०० आणि १००० यार्डांवर गोळ्या झाडून झाल्यावर निकाल लागला ९३४ विरुद्ध ९३१. एका आयरिश नेमबाजाची गोळी अचूक मध्यावर बसली होती, पण शेजारच्या लक्ष्याच्या! त्यामुळे यंत्र जिंकलं की माणूस, हे त्या निकालावरून सांगताच येत नाही.

विसाव्या शतकात अमेरिकेने उलटी वाट धरली. सरकारला युद्धासाठी तयार नागरिक हवे होते. म्हणून १९०३ पासूनच्या राष्ट्रीय सामन्यांत 'सर्व्हिस रायफल' म्हणजे सैनिकाच्याच हातातली बंदूक, हा कणा झाला. आधी क्रॅग, मग स्प्रिंगफिल्ड आणि गॅरँड, पुढे एम-१४ आणि एआर-१५. पण नेमबाज स्वस्थ बसतात थोडेच! गॅरँडच्या लाकडी दस्त्यात राळेचा थर भरून यंत्रणा घट्ट बसवायची युक्ती निघाली. एआर-१५ चं हातकवच बाहेरून लष्करी दिसायचं, पण आतल्या पोलादी नळीमुळे बॅरलवर हाताचा किंवा पट्ट्याचा भार येत नसे. नियमाला याचं वावडं नव्हतं, कारण तो प्रामुख्याने बाह्य रूप तपासत होता. मला यात नियमाची हार दिसते: सैनिकाची बंदूक म्हणायचं आणि सैनिकाला कधीच न मिळणारी बंदूक चालवायची.

१९९८ मध्ये ओहायोतल्या कॅम्प पेरीला, गॅरँड रायफलचा रचनाकार जॉन गॅरँड याच्या नावाने सामना सुरू झाला, तो याला उत्तर म्हणूनच मला मोलाचा वाटतो. रायफल कोठारातून निघाली तशीच हवी. राळ नको, जास्तीची कारागिरी नको. तपासणीत नळी वर धरून ट्रिगरला साडेचार पौंडांचं वजन अडकवतात आणि रायफल उचलतात. घोडा पडला तर रायफल बाद. महागड्या कारागिराकडे न जाता कोठारातली जुनी गॅरँड विकत घेणाऱ्यालाही इथे बरोबरीने उभं राहता येतं.

सर्व्हिस रायफलच्या मुख्य सामन्यांत मात्र २०१६ पासून साडेचार पटींपर्यंतची दुर्बीण चालते. सैन्यानेच दुर्बिणी स्वीकारल्यावर नियमाला अडून राहण्याचं कारण उरलं नव्हतं, आणि वय वाढून समोरची माशी धूसर झालेल्या कितीतरी नेमबाजांना त्यामुळे पुन्हा रेंजवर येता आलं.