सोड्याच्या बाटलीतला हेन्री

अठराव्या शतकातल्या युरोपात फसफसणारं पाणी हे औषध होतं. जर्मनीतल्या पिर्मोंट आणि सेल्टर्सच्या झऱ्यांचं पाणी बाटल्यांत भरून देशोदेशी जाई. अपचनापासून मुतखड्यापर्यंत कशावरही ते चालतं, असं वैद्य सांगत आणि श्रीमंत ते विकत घेत. झऱ्याजवळ न जाता असं पाणी बनवता आलं तर पैसा होता, हे उघड होतं.

जोसेफ प्रीस्टली १७६७ मध्ये धर्मोपदेशक म्हणून लीड्सला आला, तेव्हा त्याला शेजार मिळाला बिअरच्या कारखान्याचा. आंबणाऱ्या पिंपांच्या तोंडाशी कार्बन डायऑक्साइडचा जाड थर साचलेला असे. त्या थरात हात घालून प्रीस्टली एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतत राही आणि थोड्याच वेळात पाण्याला चुरचुरीत चव येई. १७७२ मध्ये त्यानं कृतीची पुस्तिकाच छापली: खडूवर गंधकाम्ल टाका, निघणारा वायू प्राण्याच्या मूत्राशयाच्या पिशवीत धरा, तो पाण्यात दाबा. स्कर्व्हीवर हा उपाय चालेल अशी त्याची आशा होती. ती फोल ठरली. जॉन नूथ या डॉक्टरनं तर अशा पाण्याला लघवीचा वास येतो अशी तक्रार केली आणि १७७५ मध्ये स्वतःचं काचेचं उपकरण पुढे आणलं. प्रीस्टली चिडला, पण इंग्लंडातल्या अनेक घरांत नूथचीच काच पोचली.

धंदा केला तो याकोब श्वेपनं. जिनीव्हात जवाहिऱ्याचं काम करणाऱ्या या माणसानं १७८३ मध्ये सोड्याचा कारखाना काढला आणि १७९२ मध्ये तो लंडनला गेला. पंपानं दाबलं की पाण्यात जास्त वायू मावतो, हे अशा कारखान्यांत हातांनाच कळत होतं. नेमका किती जास्त, हे कुणी मोजलं नव्हतं. बूच उडालं की गिऱ्हाईक खूश!

मोजणारा माणूस मँचेस्टरचा निघाला, आणि तोही याच धंद्यातल्या घरचा. थॉमस हेन्री हा तिथला औषधविक्या. मॅग्नेशिया बनवून त्यानं नाव कमावलं होतं, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएचे निबंध इंग्रजीत आणले होते आणि कृत्रिम खनिजजलही तो विकत असे. त्याचा मुलगा विल्यम, जन्म १७७४. लहानपणी अंगावर तुळई पडून झालेल्या दुखापतीचा त्रास त्याला जन्मभर पुरला.

डिसेंबर १८०२ मध्ये विल्यमचा निबंध रॉयल सोसायटीत वाचला गेला. पद्धत साधी होती. मोजमापाच्या काचपात्रात पाणी आणि वायू कोंडायचे, पाऱ्याच्या उंच स्तंभानं त्यांच्यावर दाब टाकायचा, भांडं हलवायचं आणि किती वायू नाहीसा झाला ते वाचायचं. उत्तर आजच्या पाठ्यपुस्तकांपेक्षा जास्त गमतीचं आहे. तापमान तेच असेल तर दाब कितीही असो, पाणी वायूचं आकारमान तेवढंच घेतं, असं त्याला दिसलं. पण दुप्पट दाबाखाली त्याच आकारमानात दुप्पट वायू कोंबलेला असतो. म्हणून विरघळलेलं वजन दुप्पट. ‘हेन्रीचा नियम’ म्हणून पाठ्यपुस्तकात उरलं ते हे शेवटचं वाक्य.

त्यावर हिशेब करणं सोपं आहे. २० अंश सेल्सिअसला एका वातावरणाच्या दाबाखाली लिटरभर पाण्यात सुमारे १.७ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळतो. दाब चौपट केला की जवळपास ७ ग्रॅम. तापमान ५ अंशांवर आणलं, तर चौपट दाबाशिवायही २.८ ग्रॅम, ३५ अंशांना मात्र जेमतेम १.१. उन्हाळ्यात उघडी राहिलेली बाटली इतकी लवकर मिळमिळीत का होते, ते या शेवटच्या आकड्यात आहे. लंडनच्या हायरम कॉडनं १८७० च्या दशकात आणलेली गोटीची बाटली तर वायूच्या दाबालाच कामाला लावते: आतला वायूच गोटी वर ढकलून तोंड बंद ठेवतो. गोटी सोडा म्हणून ती आपल्याकडेही रुजली.

हेन्रीच्या पहिल्या आकड्यांत एक खोट होती, आणि ती गावातल्याच मित्रानं दाखवली: जॉन डाल्टननं. पाण्यावर उरलेल्या वायूत भेसळ असेल तर एकूण दाब लावून भागत नाही, त्या त्या वायूचा वाट्याचा दाब धरावा लागतो. हेन्रीनं १८०३ मध्ये निबंधाला पुरवणी जोडून ते मान्य केलं. डाल्टन मात्र तिथं थांबला नाही. सगळेच वायू पाण्यात सारखे का मावत नाहीत, या प्रश्नानं तो अडला आणि उत्तर कणांच्या वजनात शोधू लागला. ऑक्टोबर १८०३ मध्ये वाचलेल्या त्याच्या निबंधाच्या छापील रूपात, १८०५ मध्ये, शेवटी एक यादी आली: वायूंच्या आणि इतर पदार्थांच्या कणांची सापेक्ष वजनं. अणुभारांचा पहिला छापील तक्ता, आणि तो पाण्यात मुरणाऱ्या वायूंवरच्या निबंधात! वायू १, १/८, १/२७, १/६४ अशा घनांच्या प्रमाणात विरघळतात, हा त्याच निबंधातला सुबक नियम पुढे साफ चुकीचा ठरला.

हायडलबर्गच्या बुन्सेननं १८५० च्या दशकात कोणता वायू पाण्यात किती विरघळतो याचे आकडे घासूनपुसून घेतले. मग सोड्याचा हिशेब नद्यांकडे वळला. बुडापेस्टच्या लायोश विंकलरनं १८८८ मध्ये पाण्यातला ऑक्सिजन मोजण्याची रासायनिक रीत दिली: मँगनीजच्या क्षारानं ऑक्सिजन पकडायचा, त्यातून आयोडीन सोडवायचं आणि ते थेंबाथेंबानं मोजायचं. ती अजून प्रयोगशाळांत चालते.

पुण्याचंच उदाहरण घेता येईल. समुद्रसपाटीला ३० अंशांच्या गोड्या पाण्यात हवेतून लिटरमागे साधारण ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर. हवेचा दाब कमी, म्हणून तिथं मुठा नदीला फार तर ७ च्या आसपास मिळणार. आंघोळीलायक पाण्यात निदान ५ हवेत, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष सांगतो. म्हणजे उन्हाळ्यात हाताशी दोनच मिलिग्रॅम. सांडपाणी आलं की ते खाणारे जीवाणू आधी त्यांवरच हात मारतात. उलट हिरवट, शेवाळलेल्या पाण्यात भर दुपारी मोजलेला आकडा हिशेबापेक्षा वरही जातो, कारण शेवाळं उन्हात ऑक्सिजन सोडत असतं. तेच पाणी पहाटे मोजलं तर आकडा पार खाली आलेला असतो. म्हणून नमुन्याच्या कागदावर तापमानाशेजारी घड्याळातली वेळही लिहावी लागते.